नव्वद किलोमीटर खोल जाऊन परत आलेला खडक: त्सो मोरिरीच्या एक्लोगाइटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लेहहून सिंधूच्या काठाने चुमाथांगवरून माहेच्या पुलापर्यंत यावे, पूल ओलांडून दक्षिणेला वळावे, की थोड्या वेळात सुमदो लागते. इथून एक रस्ता पुगाच्या गरम झऱ्यांकडे आणि पुढे पोलोकोंगका खिंडीकडे जातो, दुसरा त्सो मोरिरी सरोवराकडे. सरोवराचे पाणीच ४,५२२ मीटर उंचीवर आहे. आसपासच्या उतारांवर फिकट रंगाचा पट्टेदार नाइस खडक पसरलेला दिसतो आणि त्यात शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखी काळपट ढेकळे रुतलेली असतात. काही जेमतेम मीटरभर लांब, काही दहावीस मीटर.

ढेकूळ फोडले की आतला रंग निराळाच निघतो: हिरव्या ऑम्फसाइटात लालसर गार्नेटचे दाणे. हा एक्लोगाइट. हातात घेतला की वजनावरूनच ओळखू येतो. दहा सेंटिमीटर बाजूचा नाइसचा ठोकळा पावणेतीन किलोच्या आसपास भरतो, तेवढाच एक्लोगाइटाचा साडेतीन किलो. मूळचा हा बेसाल्टच. सह्याद्रीचा काळा कातळ कोणी तेवढ्या खोलीवर नेऊन ठेवला तर त्याचेही हेच होईल. तो कधी गेला नाही, म्हणून आपण तो बेसाल्ट म्हणूनच ओळखतो. त्सो मोरिरीचा बेसाल्ट मात्र भारतीय भूपट्टाच्या उत्तर कडेच्या ग्रॅनाइटात भेगांवाटे घुसला होता. पोलोकोंगका खिंडीजवळच्या या ग्रॅनाइटाचे वय सुमारे ४७.९ कोटी वर्षे आहे. पुढे ही कड आशियाखाली गेली तेव्हा ग्रॅनाइटाचा नाइस झाला, बेसाल्टचा एक्लोगाइट झाला आणि मग सगळा पसारा वर परत आला.

या पसाऱ्याचा आकार लक्षात ठेवायला हवा: साधारण १०० किलोमीटर लांब, ५० किलोमीटर रुंद असा घुमट. तो वर कसा आला हे ठरवताना वेगवेगळ्या गटांनी घेतलेले निर्णय आणि त्यांत झालेल्या चुका इथे मांडल्या आहेत. गटांची नावे शक्यतो मुद्दाम गाळली आहेत.

अडचण

खडक खाली जाणे समजायला सोपे आहे. जड महासागरी पट्ट प्रावरणात बुडतो आणि त्याला जोडलेली खंडाची कड मागोमाग ओढली जाते. परत येण्याचा हिशेब मात्र सहजी जुळत नाही. खडक नव्वद किलोमीटर वर आला, तर त्याच्या डोक्यावरचे नव्वद किलोमीटर गेले कुठे?

शिवाय तो थंड असतानाच यावा लागतो. या एक्लोगाइटाने गाठलेले तापमान बहुतेक अंदाजांत ६००–६५० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. एवढ्या खोलीला हे फारच थोडे: सरासरी किलोमीटरला सातच अंश. नेहमीच्या खंडीय कवचात वरच्या भागात किलोमीटरला २०–३० अंश वाढ असते. असा थंड खडक खाली रेंगाळला तर भोवतालच्या तप्त प्रावरणाने तो तापतो, गार्नेटमधले रासायनिक थर एकमेकांत मिसळून पुसले जातात आणि पुरावा नाहीसा होतो. थर शाबूत आहेत, म्हणजे मुक्काम थोडाच होता. किती थोडा, यावर पुढचे सगळे अवलंबून होते.

पहिला निर्णय: ढेकूळ कुठे फोडायचे

नमुन्याची जागा चुकली की पुढचे काम वाया जाते. ढेकळाची कड काळी असते, कारण वर येताना नाइसमधले पाणी कडेने आत शिरले आणि तिथल्या एक्लोगाइटाचा अँफिबोलाइट झाला. तिथे ऑम्फसाइट मोडून हॉर्नब्लेंड आणि प्लॅजिओक्लेज ही कमी दाबाची खनिजे तयार झालेली असतात. हातोडीला सोपी पडते ती हीच कड. तिथे चिरा असतात, तुकडा पटकन सुटतो. पण मग जी माहिती हाती लागते ती परतीच्या वाटेची असते, तळाची नसते. तळ पाहायचा तर गाभ्यापर्यंत जावे लागते. तिथला खडक इतका चिवट असतो की चार-पाच किलोच्या घणालाही दाद देत नाही. खरे तर एकाच ढेकळातून गाभा, मधला भाग, कड आणि लगतचा नाइस असे चार नमुने हवेत, आणि प्रत्येकाची दिशा व कडेपासूनचे अंतर वहीत लिहिलेले हवे. चार टोके मिळाली तरच वाट आखता येते.

दुसरा निर्णय: दाबाच्या पहिल्या आकड्यावर थांबायचे का

१९९० च्या दशकातल्या अभ्यासांनी गार्नेट, ऑम्फसाइट आणि फेंजाइट या खनिजांच्या रासायनिक समतोलावरून दाब काढला. उत्तर सुमारे २ गिगापास्कल आले, तापमान ६०० अंशांच्या थोडे खाली. त्यातून खोली निघते ६५–७० किलोमीटर. हा आकडा चुकीचा नव्हता, अपुरा होता. समतोलाची पद्धत त्या त्या दाण्याच्या ज्या भागावर मोजणीचा इलेक्ट्रॉन-झोत पडतो त्याच भागाचा दाब सांगते. सर्वाधिक दाब असताना वाढलेला भाग काही मायक्रॉन जाडीचा असेल आणि नंतरच्या क्रियांनी कुरतडला गेला असेल, तर सरासरी आपोआप खाली घसरते.

निकाल बदलला तो एका सूक्ष्म दाण्याने. २००१ मध्ये देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इथल्या गार्नेटमध्ये अडकलेला कोएसाइट नोंदवला. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचाच दाबाखाली बदललेला अवतार. १९५३ मध्ये लोरिंग कोज यांनी तो प्रयोगशाळेत बनवला, आणि १९८४ मध्ये आल्प्स व नॉर्वे इथल्या खंडीय पर्वतरांगांत तो सापडल्यावर खंडाचे कवच इतके खोल जाऊ शकते हे मान्य करावे लागले. ६०० अंशांच्या आसपास क्वार्ट्झचा कोएसाइट व्हायला साधारण २.७ गिगापास्कल दाब लागतो.

तो शोधण्याची रीत अशी. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप घ्यायचा. गार्नेटमध्ये असा दाणा पाहायचा की ज्याच्याभोवती किरणांसारख्या चिरा पसरल्या आहेत. कोएसाइटची घनता २.९२, क्वार्ट्झची २.६५, वर येताना कोएसाइटचा क्वार्ट्झ होतो तेव्हा तो सुमारे दहा टक्के फुगतो आणि गार्नेटला तडा देतो. गार्नेटने तग धरला तर आतला दाब टिकतो आणि मधे कोएसाइटचा अवशेष उरतो, भोवती कुंपणासारख्या उभ्या क्वार्ट्झच्या कांड्या. मग रामन वर्णपट (लेसर प्रकाशावरून खनिज ओळखण्याची पद्धत) घ्यायचा: कोएसाइटची मुख्य रेषा ५२१ प्रति सेंटिमीटरवर येते, क्वार्ट्झची ४६४ वर.

इथे दोन चुका वारंवार होतात. नुसत्या चिरा पाहून कोएसाइट जाहीर करणे ही पहिली; साधा क्वार्ट्झही दाब उतरल्यावर गार्नेटला तडा देऊ शकतो. दुसरी चूक कापाच्या वेळची. काप घासताना अवशेषाचा कण पृष्ठभागावर उघडा पडला की आत कोंडलेला दाब सुटतो. म्हणून कापाच्या पृष्ठभागावर आलेले दाणे सोडून पोटात बुडालेले दाणे आधी तपासावेत.

२.७ गिगापास्कलवरून खोली काढताना वरच्या थराची सरासरी घनता गृहीत धरावी लागते. घनता २.८ धरली तर ९८ किलोमीटर येतात, ३.२ धरली तर ८६. 'नव्वदहून अधिक' असे सर्रास लिहिले जाते त्यात ही बारा किलोमीटरची मोकळीक दडलेली आहे.

वर येण्याचे पर्याय

सर्वांत जुना पर्याय धुपेचा. पाऊस, नद्या आणि हिमनद्या वरचा भार वाहून नेतात आणि खालचा खडक उचलला जातो. इथे तो पहिल्याच परीक्षेत नापास होतो. घुमटाला ईशान्येकडून टेकून निदर ओफिओलाइट (जमिनीवर चढलेला जुन्या सागरतळाचा तुकडा) आहे आणि भोवती टेथिस समुद्राचे गाळखडक आहेत. हे सगळे कमी दाबाचे, कधी खोल न गेलेले खडक. नव्वद किलोमीटरचा भार धुपून गेला असता तर शेजाऱ्यांवरही तोच भार असायला हवा होता. सत्तर-ऐंशी किलोमीटर खोलीचा फरक एका प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभा आहे. मधला भाग धुपून गेलेला नाही. प्रस्तरभंगावरच्या सरकण्याने तो कापला गेला आहे.

दुसरा पर्याय ताणाचा: वरचे कवच ताणले जाऊन पातळ होते. घुमटाच्या वरच्या कडेला, झिलदात परिसरात, वरची बाजू खाली सरकल्याच्या खुणा खरेच आहेत. पण घुमटाच्या तळाशी सरकण्याची दिशा उलटी, चढाईची आहे. वरची कड उतरणारी आणि खालची चढणारी असेल तर मधली पाचर बाहेर ढकलली गेली असा अर्थ निघतो. नुसत्या ताणाने ही जोडी जुळत नाही.

तिसरा पर्याय दोन पट्टांमधल्या पाचरीतल्या भोवऱ्यासारख्या प्रवाहाचा. असा प्रवाह गाळात मिसळलेली सुटी ढेकळे वर आणू शकतो. शंभर किलोमीटरचा सलग पत्रा मात्र नाही.

मग 'खडक तेवढा खोल गेलाच नाही' असे म्हणणारा पर्याय उरतो. खडकांच्या टकरीत दाब वरच्या भाराच्या हिशेबापेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणजे निम्म्या खोलीवरही कोएसाइट बनू शकेल. गणितात हे बसते. अडचण अशी, की जास्तीचा दाब धरून ठेवायला भोवतालचा खडक ताठ हवा, आणि इथे भोवताली क्वार्ट्झाने भरलेला नाइस आहे. ६०० अंशांना तो लाखो वर्षांच्या मोजमापात मऊ कणकेसारखा वागतो. थोडा जास्तीचा दाब शक्य आहे. खोली निम्म्यावर आणण्याइतका नाही.

शेवटचा पर्याय तरंगण्याचा, आणि इथे घनतेचा हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. प्रावरणाची घनता ३.३ धरू. खोल दाबाखाली नाइस सुमारे ३.० पर्यंत जातो, एक्लोगाइट ३.५. एकटा एक्लोगाइट बुडणारच. तो वर येण्याचे स्वतःहून काही कारण नाही. पण दहा टक्के एक्लोगाइट आणि नव्वद टक्के नाइस घेतला तर सरासरी ३.०५ येते, म्हणजे प्रावरणापेक्षा हलकी. एक्लोगाइटाचा वाटा साठ टक्क्यांवर जाईपर्यंत असा पत्रा तरंगत राहील. त्सो मोरिरीत तो वाटा त्याच्या जवळपासही नाही. थोडक्यात, एक्लोगाइट नाइसच्या पाठीवर बसून वर आला. बुडत्या पट्टावरून पत्रा सुटा व्हायला आणि वर घसरायला सर्पेंटिनाइटासारखा निसरडा खडक वंगणाचे काम करतो. इथल्या दोन भूपट्टांच्या सांध्यात तो सापडतोही.

खालचा जड महासागरी पट्ट तुटून पडला आणि म्हणून पत्रा सुटला, असेही मांडले जाते. ते खरे असू शकेल, पण एका ढेकळावरून त्याची परीक्षा घेता येत नाही, म्हणून ते इथे बाजूला ठेवले आहे.

तिसरा निर्णय: वय कशाचे काढायचे

तरंगणे मान्य केले तर वेग जास्त निघायला हवा. वेगासाठी दोन वये लागतात: तळाशी असतानाचे आणि वाटेत कुठेतरी, उदाहरणार्थ ३० किलोमीटरवर, अँफिबोलाइट बनतानाचे.

पहिल्या प्रयत्नात गार्नेट व इतर खनिजांच्या समस्थानिकांवरून तळाचे वय ५.५ कोटी वर्षांच्या आसपास आले, चूक सहा-सात दशलक्ष वर्षांची. अँफिबोलाइटाच्या खनिजांतून निघालेले एक वय ४.७ कोटी, चूक सुमारे ११ दशलक्ष. दोन्हींतला फरक आठ दशलक्ष वर्षे, आणि त्या फरकातली चूक बारा-तेरा दशलक्ष! अशा आकड्यांतून वेग काढता येत नाही. भागाकार करणारा करतो, पण उत्तराला अर्थ नसतो. चूक इतकी मोठी का आली? गार्नेटच्या पोटात अॅलनाइट, अॅपेटाइट असे बारीक कण असतात. वय ज्यावरून काढतात ते निओडिमियम त्यांत भरपूर असते आणि ते गार्नेटचा खरा संकेत बुडवून टाकते. गार्नेट दळून, हाताने निवडून, आम्लाने धुऊन घेतले तरी सगळे कण निघत नाहीत.

दुसऱ्या गटाने झिरकॉन हे युरेनियम धरून ठेवणारे खनिज निवडले, तेही एक्लोगाइटाऐवजी भोवतालच्या नाइसमधले, कारण त्यात झिरकॉन मुबलक असतो. दाण्याच्या गाभ्याला ग्रॅनाइटाचे जुने वय आणि कडेला नवी पातळ साय. आयन-झोताने त्या सायीवर वीस-तीस मायक्रॉनचे ठिपके घेतले आणि तीन वये मिळाली: ५३.३, ५०.० आणि ४७.५ दशलक्ष वर्षे, प्रत्येकी चूक एका दशलक्षाच्या आत. पहिले तळाचे, शेवटचे अँफिबोलाइटाचे असे मानले तर ५.८ दशलक्ष वर्षांत ६० किलोमीटर चढाई होते. वेग वर्षाला सुमारे १० मिलिमीटर, आणि तोही सरळ उभा. पट्ट ६० अंशांनी तिरका असेल तर त्याच्या अंगाने तो १२ मिलिमीटर होतो, ३० अंशांनी असेल तर २० च्या वर.

ठिपक्याच्या बाबतीत एक सावधगिरी आकड्यातच दाखवलेली बरी. झोताचा पाच टक्के भाग चुकून ४७.९ कोटी वर्षांच्या गाभ्यावर पडला आणि दोन्हींत युरेनियम सारखेच आहे असे धरले, तर ५ कोटींची साय ७ कोटींहून जुनी दिसते. म्हणून आधी कॅथोडोल्युमिनेसन्सचे (दाण्यातला गाभा आणि साय वेगळी दाखवणारे) छायाचित्र, मग ठिपका, आणि झाल्यावर खड्डा कुठे पडला हे पुन्हा पाहायचे.

पण खरी अडचण ठिपक्याची नव्हतीच. ५३.३ हे वय कोएसाइटाच्या काळाचे कशावरून? नाइसच्या झिरकॉनमध्ये अडकलेला कोएसाइट त्या वयाशी थेट बांधलेला नव्हता. तीन वये आणि दाबाचे तीन टप्पे क्रमाने जोडले गेले होते. पुढच्या गटाने वेगळी वाट धरली. एक्लोगाइटातलाच झिरकॉन घेतला, आणि एकाच दाण्यावर वयाबरोबर विरळ मृदा मूलद्रव्येही मोजली. गार्नेट जड विरळ मृदा मूलद्रव्ये ओढून घेते, प्लॅजिओक्लेज युरोपियम ओढते. ज्या झिरकॉनमध्ये जड मूलद्रव्ये कमी आणि युरोपियमची खाच (आलेखातली घट) नाही, तो गार्नेट असताना व प्लॅजिओक्लेज नसताना, म्हणजे एक्लोगाइटाच्या दाबात वाढला. अशा दाण्यांची वये ४७ ते ४३ दशलक्ष निघाली. पश्चिमेला पाकिस्तानातल्या काघानच्या कोएसाइटयुक्त खडकांचे ४६ च्या आसपासचे वय त्यांच्याशी जवळचे आहे.

निष्पत्ती

कोणतेही वय धरले तरी पत्रा दोन टप्प्यांत वर आला हे टिकून राहते. पहिल्या टप्प्यात नव्वदवरून तीसपर्यंत, झपाट्याने. दुसऱ्यात रेंगाळत: बायोटाइट व मस्कोवाइट या अभ्रकांची आर्गॉन वये (खनिज थंड झाल्याचा काळ सांगणारी) सुमारे ३० दशलक्ष वर्षे येतात. त्या वेळी खडक १०–१५ किलोमीटर खोल होता असे धरले, तर १५–२० किलोमीटरच्या चढाईला १३ ते १७ दशलक्ष वर्षे लागली. वेग वर्षाला मिलिमीटरभर.

वेग दहापट का घसरला याचे उत्तर वरच्याच घनतेच्या हिशेबात आहे. प्रावरणात पत्र्याला ३.३ विरुद्ध ३.०५ असा उचलणारा फरक मिळत होता. कवचाच्या तळाशी पोचल्यावर भोवतालचीच घनता २.८–२.९ होते. नाइस दाब उतरल्याने २.७ पर्यंत हलका होत असला तरी उरलेला फरक पूर्वीच्या तुलनेत किरकोळ, आणि कवच चिवट. पत्रा तिथेच टेकतो. पुढचे तीस किलोमीटर धूप, प्रस्तरभंग आणि खालून घुसणारे नवे पत्रे यांच्यावर सोपवले जातात. पहिल्या टप्प्यात नापास झालेली धूप दुसऱ्या टप्प्यात अशी कामाला येते. एकच यंत्रणा शोधण्याच्या हट्टामुळे या प्रकरणातला बराच वेळ गेला, असे आमचे मत आहे.

वेगळे काय करता आले असते

दाब आणि वय वेगवेगळ्या खडकांतून काढून नंतर कागदावर जुळवायला नको होते. एकाच गाभ्यातल्या, एकाच कापातल्या दाण्यांवर दोन्ही मोजायला हवे होते. त्यासाठी झिरकॉन खडक दळून वेगळा न करता कापातच मोजावा लागतो. ठिपके कमी मिळतात, चूक वाढते, पण दाणा गार्नेटच्या पोटात आहे की बाहेर हे दिसते. नाइसच्या झिरकॉनमध्ये कोएसाइट शोधण्याचे कंटाळवाणे कामही वय जाहीर करण्याआधी व्हायला हवे होते. शंभर दाण्यांत एखादा सापडला तरी पुरेसा होता.

आणि फेंजाइटची आर्गॉन वये. त्यांतले एक वय ४८ दशलक्ष, चूक दोनची, बराच काळ परतीच्या वाटेवरचा मैलाचा दगड म्हणून वापरले गेले. तळाचे वय ४७ ते ४३ मानले तर खडक तळाशी पोचण्याआधीच फेंजाइट थंड झाला असा उलटा अर्थ निघतो. अतिउच्च दाबाच्या खडकांत आर्गॉनला बाहेर पडायला वाट नसते. जुने आर्गॉन फेंजाइटात कोंडून राहते आणि वय फुगते. हे आल्प्समध्ये आधीच दिसले होते. त्सो मोरिरीच्या फेंजाइटाचा तो आकडा अजून अनेक आलेखांत ३० किलोमीटरच्या रेषेवर बसलेला दिसतो.